उतरणीला किताब नाही

सायकल शर्यतींचा इतिहास चाळताना एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. घाट चढणाऱ्याचं कौतुक सगळे करतात, घाट उतरणाऱ्याची दखल कोणी घेत नाही. आपली मुंबई-पुणे सायकल शर्यतच घ्या. दीडशेएक किलोमीटरच्या त्या शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणून गौरवतात. फ्रान्सच्या 'तूर द फ्रान्स'मध्ये डोंगर चढण्यासाठी १९३३ सालापासून वेगळी गुणवारी आहे, आणि १९७५ पासून त्यात पहिला येणाऱ्याला पांढऱ्यावर लाल ठिपक्यांची जर्सी मिळते. पण 'उतरणीचा राजा' अशी पदवी तुम्ही कुठे ऐकली आहे का?

एकदा तसा प्रयत्न झाला होता. २०१७ साली इटलीच्या 'जिरो' या शर्यतीच्या आयोजकांनी जाहीर केलं, की ठरावीक उतारांवर वेळ मोजून सर्वांत वेगाने उतरणाऱ्याला बक्षीस देऊ. त्यावर खुद्द सायकलपटूंनीच एवढा गदारोळ केला, की शर्यत सुरू होण्यापूर्वीच ती कल्पना गुंडाळून ठेवावी लागली. बरोबरच झालं म्हणा! बक्षिसाच्या आशेने उतारावर जीव टाकणारे काही कमी नसतात.

पण मंडळी, इथेच एक घोटाळा झाला आहे. उतरणीला किताब नाही म्हणून उतरणीला विद्याही लागत नाही, असं आपण नकळत धरून चाललो. आपल्या भाषेतसुद्धा पाहा, चढणं म्हणजे कर्तृत्व आणि उतरणं म्हणजे संपत आलेलं काहीतरी. उतारवय म्हणतो, अमक्याला उतरती कळा लागली म्हणतो. सायकलवाल्याच्या लेखी तर उतार म्हणजे चढणीच्या कष्टांची फुकट मिळालेली भरपाई. पाय थांबवायचे, वारा खायचा आणि सुटायचं. इतिहास मात्र वेगळंच सांगतो. सायकल हे यंत्र आज जसं दिसतं तसं ते होण्यात चढणींपेक्षा उतारांचा वाटा मोठा आहे, आणि या खेळातल्या मोठ्या दुर्घटनांची यादी केली तर तीत उतारच जास्त भेटतात.

ज्या स्पॅनिश सायकलपटूने १९३३ साली तूरमधली ती पहिली गुणवारी जिंकली, त्याचं नाव व्हिसेंते त्रुएबा. अंगाने लहानखुरा, चढणीला वाघ. शिखरामागून शिखर तो सर्वांच्या आधी गाठायचा, पण पलीकडच्या उतारावर इतका कच्चा, की मागून येणारे त्याला खाली पोचेपर्यंत गाठून पुढे निघून जायचे. वर कमावलेलं सगळं खाली गमवायचं! पुढच्या वर्षी, १९३४ मध्ये, शिखरावर आधी पोचणाऱ्याला वेळेची सूट देण्याचा नियम आला. म्हणजे उतरण्यातली उणीव नियमाने भरून काढली गेली. उतरायला कसं शिकवावं, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

आता थोडं आणखी मागे जाऊ. १८७० च्या दशकातली ती उंच चाकाची सायकल आपण चित्रांत पाहिलेली असते. पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं, मागचं अगदी एवढंसं. पॅडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले, त्यामुळे चाक फिरलं की पॅडल फिरणारच. सपाटीवर ठीक होतं. उतारावर मात्र चाक असं गरगरू लागे, की पायांना त्या गतीशी जुळवून घेणं अशक्य व्हायचं. ब्रेक जोरात दाबावा तर स्वार पुढच्या चाकावरून उलटा होऊन थेट डोक्यावर. मग त्या काळच्या स्वारांनी काय युक्ती काढली असेल? उतार आला की ते दोन्ही पाय उचलून हँडलच्या वरून पुढे टाकत. आज ते चित्र पाहून हसू येतं. पण त्यामागचा हिशेब पक्का होता. सायकल उलटलीच तर पाय मोकळे असावेत, आणि डोक्याऐवजी पायांवर पडता यावं. पडणं टळत नसेल तर निदान कसं पडायचं ते आपल्या हाती ठेवावं, हा विचार इतका जुना आहे.

१८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ले यांची 'रोव्हर' आली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, मागच्या चाकाला साखळी. हिला नावच मिळालं 'सेफ्टी', म्हणजे सुरक्षित सायकल. १८८८ मध्ये डनलॉप यांचा हवेचा टायर आला. पण फ्रीव्हील रुळायला शतक संपत आलं. तोपर्यंत उतारावर पॅडल फिरतच राहायचे. ब्रेक म्हणाल तर टायरवर वरून दाबला जाणारा एक चमचा. लांब उतारावर त्याचा काय पाड लागणार? तेव्हा युरोपातले डोंगराळ भागातले सायकलस्वार झाडाची फांदी तोडून दोरीने मागे बांधत आणि ती फरफटत खाली उतरत. डोंगर उतरणाऱ्या गाडीमागे ओंडका ओढत नेण्याचा जो गाडीवानांचा उपाय, तोच हा.

याच काळातली आणखी एक गंमत सांगतो. आज घाटाच्या तोंडाशी 'पुढे तीव्र उतार आहे' अशी पाटी दिसली की ती मोटारींसाठी आहे असं आपण समजतो. पण इंग्लंडातल्या रस्त्यांवर अशा धोक्याच्या पाट्या पहिल्यांदा लागल्या त्या मोटारी यायच्या आधी, आणि लावल्या त्या सायकलवाल्यांच्या संघटनांनी, सायकलवाल्यांसाठी. टेकडीच्या माथ्यावर पाटी उभी करायची, की हा उतार सायकलला धोक्याचा आहे. आज आपल्या ट्रक-बसवाल्यांना सावध करणाऱ्या त्या पाटीचं घराणं असं सायकलकडे जातं!

आपल्याकडे सायकल आली आणि गावोगाव रुळली ती ओझं वाहायला आणि कामावर जायला. गोव्यात तर उतार उतरण्यातला खरा वस्ताद म्हणजे आपला पोदेर. मागे भली मोठी बांबूची पाटी, तीत गरम पाव, हँडलला भोंगा. वाड्यावरून वाड्यावर जाताना चिऱ्यांच्या गडग्यांमधून वळत जाणारे आपले उतार तो रोज पहाटे अंधारात उतरतो. ओझं मागच्या चाकावर आहे, तेव्हा मागच्या चाकाची पकड चांगली आणि पुढचं चाक हलकं, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. वळणाच्या आधीच तो वेग उतरवतो, भोंगा वाजवतो आणि मग वळतो. या क्रमाकडे लक्ष असू द्या. पुढे जे सांगायचं आहे ते यातच आलं आहे.

शर्यतीच्या जगात हा क्रम शिकायला फार मोठी किंमत मोजावी लागली. १९५१ च्या तूरमध्ये विम व्हान एस्त हा पिवळी जर्सी घालणारा पहिला डच स्वार ठरला. दुसऱ्याच दिवशी पिरेनीज पर्वतातल्या ओबिस्क घाटाच्या उतारावर वळण चुकलं आणि तो सत्तरेक मीटर खोल दरीत गेला. दैव बलवत्तर, हाडं शाबूत राहिली. त्याला वर ओढायला दोर पुरेना, तेव्हा संघाच्या मोटारीतले सायकलचे टायर एकमेकांना बांधून दोर लांबवला. टायर ताणून निकामी झाले आणि डच संघाला शर्यत सोडावी लागली. त्याच्या मनगटावरचं घड्याळ चालूच राहिलं म्हणून घड्याळाच्या कंपनीने त्यावर जाहिरात केली, ती हॉलंडमध्ये अजून लोकांच्या तोंडी आहे.

१९६० साली मात्र दैवाने साथ दिली नाही. रोजे रिव्हिएर हा फ्रान्सचा गुणी स्वार, तासाभरात सर्वाधिक अंतर कापण्याचा जागतिक विक्रम त्याच्या नावावर. पेर्जुरे घाटाच्या उतारावर तो इटलीच्या गास्तोने नेन्चिनीच्या पाठीला लागला. नेन्चिनी उतरण्यात पटाईत म्हणून प्रसिद्ध. त्याच्या वेगाने वळायला जाऊन रिव्हिएर कठडा ओलांडून खाली गेला, पाठीचा कणा मोडला आणि वयाच्या चोविसाव्या वर्षी त्याची सायकल कायमची सुटली. ब्रेकने दगा दिला असं तो आधी म्हणाला. पुढे उघड झालं, की त्याने जबर वेदनाशामक घेतलं होतं, आणि बोटांना ब्रेकची जाण राहिली नव्हती असं मानलं जातं. दुसऱ्याच्या वेगाने उतार उतरू नये, हा धडा त्या घाटाने लिहून ठेवला.

१९९५ मध्ये पोर्ते दास्पे घाटाच्या उतारावर फाबियो कासार्तेली गेला. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता, वय अवघं २४. रस्त्याच्या कडेच्या सिमेंटच्या ठोकळ्यावर डोकं आपटलं. हेल्मेट नव्हतं. त्याआधी १९९१ साली आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने हेल्मेटची सक्ती करू पाहिली होती, पण स्वारांनीच ती हाणून पाडली होती. उकडतं म्हणे! शेवटी २००३ च्या मार्चमध्ये कझाकस्तानचा आंद्रे किविलेव शर्यतीत पडून डोक्याच्या दुखापतीने गेला आणि त्याच वर्षी सक्ती लागू झाली. तीतही सुरुवातीला एक पळवाट होती. शर्यत चढणीवर संपत असेल तर त्या शेवटच्या चढणीत हेल्मेट काढायची मुभा होती.

त्याच २००३ च्या जुलैतली गोष्ट. गाप गावाकडे उतरताना खोसेबा बेलोकी लान्स आर्मस्ट्राँगच्या पुढे होता. कडक उन्हाने रस्त्यावरचं डांबर वितळलेलं. बेलोकीने वळणात ब्रेक लावला, मागचं चाक घसरलं, मग पकडलं, आणि तो उजव्या अंगावर आपटला. मांडी, कोपर, मनगट, सगळी हाडं मोडली. मागून येणारा आर्मस्ट्राँग त्याला चुकवण्यासाठी रस्ता सोडून सरळ शेतात शिरला, शेत तुडवत खालच्या वळणावर पुन्हा रस्त्याला लागला. पुढे उत्तेजकांच्या प्रकरणात आर्मस्ट्राँगची तूरमधली सगळी जेतेपदं २०१२ साली काढून घेतली गेली, ते वेगळं. पण त्या क्षणी त्याने जे केलं ते शिकण्यासारखं होतं. वळण जमणार नाही हे उमगताच त्याने वळायचा हट्ट सोडला आणि सायकल सरळ करून मोकळ्या जागेत घातली.

हे सगळं जुनं झालं म्हणावं, तर २०२३ च्या जूनमध्ये स्वित्झर्लंडच्या शर्यतीत आल्बुला घाट उतरताना जिनो मेडर हा २६ वर्षांचा स्वार दरीत पडून गेला. यंत्रं सुधारली, ब्रेक सुधारले, हेल्मेट आलं, तरी वेगाशी उतार आणि वळण यांचं जुनं भांडण आहे तिथेच आहे.

हे भांडण थोडं आकड्यांत मांडून पाहू. मी कलाशाखेचा माणूस, गणिताला बिचकणारा. पण एवढं गणित कोणालाही जमेल. ताशी ३० किलोमीटरच्या वेगाला साधारण ताकदीने दोन्ही ब्रेक दाबले तर कोरड्या सपाट रस्त्यावर सायकल थांबायला सातेक मीटर लागतात. वेग दुप्पट केला, म्हणजे ६०, तर चौदा मीटर पुरतील असं वाटेल. पण लागतात २८. वेग दुप्पट, अंतर चौपट. त्यात धोका दिसल्यापासून बोटं ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरा. ६० च्या वेगाला त्या सेकंदात आणखी सतरा मीटर गेले. शिवाय हे सपाटीचं गणित झालं, उतारावर याहून जास्तच लागणार.

वळणाचंही तसंच. समजा, वळणाची त्रिज्या २० मीटर आहे, आपल्या घाटांत असं वळण ठायी ठायी भेटतं. ३० च्या वेगाला सायकल सुमारे वीस अंश कलवावी लागते, ते सहज जमतं. ४५ च्या वेगाला कल होतो अडतीस अंशांच्या घरात. पट्टीचा स्वार आणि स्वच्छ, कोरडा रस्ता असेल तरच हे करावं. ६० ला लागतो ५५ अंश. डांबरावर सायकलचा टायर तिथे टिकतच नाही. म्हणजे त्या वळणात ६० ने शिरलेला माणूस कितीही शूर असो, तो वळू शकत नाही. तिथे धैर्याचा संबंधच संपतो.

म्हणून जगभरचे शिकवणारे पहिला नियम एकच सांगतात. वेग उतरवायचा तो वळणाच्या आधी, सायकल उभी असताना. वळणात शिरल्यावर टायरची सगळी पकड वळण्यासाठी राखून ठेवायची. पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा. ब्रेकवर उडवला तर वळायला उरत नाही! वळणातच ब्रेक लावावासा वाटला, तर समजावं की आधीचं काम अर्धवट राहिलं होतं.

दुसरा नियम पुढच्या ब्रेकचा. आपल्याकडे लहानपणीच मुलांच्या मनात भरवून देतात, की पुढचा ब्रेक मारू नकोस, उलटा पडशील. उंच चाकाच्या सायकलीला ते शंभर टक्के लागू होतं, आजच्या सायकलीला तसं नाही. ब्रेक लागताच अंगाचं वजन पुढे झुकतं, मागचं चाक हलकं होतं आणि नुसता मागचा ब्रेक दाबला तर ते लॉक होऊन घसरतं. थांबवण्याचं मुख्य काम पुढचाच ब्रेक करतो. फक्त तो झटक्याने दाबायचा नाही, हळूहळू दाब वाढवत न्यायचा, आणि त्याच वेळी अंग सीटच्या मागे सरकवायचं. लांब उतारावर ब्रेक सतत घासत ठेवणंही वाईट. ८० किलो वजनाचा स्वार-सायकलचा जोड ६०० मीटर खाली आला, तर त्याच्यापाशी जेवढी ऊर्जा सुटते तेवढीने सुमारे दीड लिटर पाणी उकळीपर्यंत तापेल. यातली बरीच वारा खातो, उरलेली रीममध्ये किंवा डिस्कमध्ये उष्णता होऊन बसते. म्हणून जोरात दाबायचं, मोकळं सोडायचं, पुन्हा दाबायचं. ट्रकवाले खालच्या गिअरमध्ये घाट का उतरतात, त्यामागेही हेच आहे.

मग शरीराची ठेवण. हात हँडलच्या खालच्या वाकात, कोपरं सैल. वळण उजवीकडे असेल तर डावं पॅडल खाली आणि त्यावर वजनाचा भार. आतलं पॅडल वर राहिलं म्हणजे ते रस्त्याला घासत नाही. नजर पुढच्या चाकावर नाही, वळण जिथे सुटतं तिथे. माणूस जिकडे पाहतो तिकडे सायकल जाते, हा अनुभव खड्डा टाळताना नेमका खड्ड्यात गेलेल्या प्रत्येकाला आहे! उतारावर वेगात सायकल थरथरू लागली तर हँडल आवळून धरायचं नाही. दोन्ही गुडघ्यांनी मधली दांडी चेपून धरायची आणि वेग हळूहळू कमी करायचा.

ही विद्या शिकायची कुठे, याचं एक छान उत्तर मला गोव्यापासून फार दूर, भोपाळमध्ये दिसलं. तिथे चार इमली म्हणून एक वस्ती आहे. इमली म्हणजे चिंच, तेव्हा 'चार चिंचा' म्हणा. १९५६ साली भोपाळ नव्या मध्य प्रदेशची राजधानी झालं आणि राजधानीबरोबर सरकारी वसाहती आल्या. चार इमली ही त्यांतली बड्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यांची. टेकाडावरची जागा, झाडीतून वर-खाली जाणारे रस्ते, वाहनं तुरळक. आमच्या पणजीकरांना एका शब्दात सांगायचं तर भोपाळचं आल्तिनो! सायकलचं त्या शहराला वावडंही नाही. २०१७ च्या जूनमध्ये भाड्याच्या सायकलींची सार्वजनिक योजना तिथे सुरू झाली तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांनी तिची दखल घेतली होती.

एका नातेवाइकांकडे गेलो असता सकाळच्या फेरफटक्याला तिथल्या एका वळणावर मी बराच वेळ थांबलो. इंदूरकडचे एक मराठी आजोबा आपल्या चौदा-पंधरा वर्षांच्या नातीला रस्त्याच्या कडेला उभं राहून सायकल शिकवत होते. शिकवणं कसलं, एकच नियम होता. वरून यायचं, हा दिव्याचा खांब येईपर्यंत ब्रेकचं काम संपवायचं, आणि मग वळणभर ब्रेकला बोट लावायचं नाही. तिने लावला की आजोबा हात वर करून म्हणत, "लागला गं! चल परत वर." ती कुरकुरत वर जाई, पुन्हा येई. नऊ-दहा खेपांनंतर ती वळणातून अशी निघाली, की जणू पाणी पन्हळीतून गेलं. आजोबा म्हणाले, "आता उद्या दुसरं वळण." मला त्या 'उद्या'चं फार कौतुक वाटलं.

लहान उतार, मोकळा रस्ता, एकच वळण आणि शंभर खेपा. मोठे स्वार असेच तयार होतात. २०२२ च्या तूरमध्ये इंग्लंडचा टॉम पिडकॉक गालिबिए घाट असा उतरला, की बघणाऱ्यांचे श्वास अडकले, आणि त्याच दिवशी त्याने आल्प द्युएझचा टप्पा जिंकला. पण हा गडी आधी माती-चिखलातल्या आणि डोंगरी सायकलींच्या शर्यतींत वाढलेला, २०२१ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलीचं सुवर्ण मिळवलेला. मऊ मातीवर हजारदा घसरून त्याला घसरणं कळलं होतं. आपली पोरं पडद्यावर फक्त तो उतार पाहतात. २०१६ साली ख्रिस फ्रूम सायकलच्या दांडीवर बसून, छाती हँडलला टेकवून पेरेसूर्दचा उतार उतरला आणि टप्पा जिंकला. मग जगभर पोरासोरांनी त्याची नक्कल सुरू केली. शेवटी १ एप्रिल २०२१ पासून संघटनेने शर्यतींत त्या बैठकीवर बंदीच घातली.

आता आपल्या घाटांकडे येतो, कारण हे सगळं लिहिण्याचं कारण तेच आहे. २०१४ पासून पुणे ते गोवा अशी ६४३ किलोमीटरची 'डेक्कन क्लिफहँगर' शर्यत होऊ लागली. शेकडो किलोमीटर सायकल हाकून, झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी स्वाराला शेवटी सह्याद्री उतरून गोव्यात यायचं असतं. २०१९ मध्ये पणजीत आयर्नमॅनची स्पर्धा आली आणि गोव्यातल्या पोरांमध्येही पातळ टायरच्या, वाकड्या हँडलच्या सायकली दिसू लागल्या. रविवारी पहाटे साखळी-केरीहून चोर्ला चढायचा, किंवा मोल्याहून अनमोड, आणि नऊच्या आत घरी. चढण्याचा वेळ मोबाइलवर नोंदला जातो, त्याच्यावर चढाओढ लागते. आणि हल्ली उतरण्याचाही वेळ तिथेच नोंदवता येतो. म्हणजे जो किताब २०१७ साली व्यावसायिक स्वारांनी नाकारला, तो आपण खिशात घालून फिरतो!

परदेशी शिकवणीतली एक गोष्ट मात्र आपल्याकडे जशीच्या तशी उचलायची नाही. वळण घेताना बाहेरून आत आणि पुन्हा बाहेर अशी रस्त्याची सगळी रुंदी वापरावी, असं तिथे शिकवतात. ते बंद रस्त्यावरच्या शर्यतीसाठी. चोर्ल्याच्या वळणापलीकडून कदंबची बस येत असते, बेळगावकडून भाजीचा टेंपो येत असतो, आणि तोही वळण कापूनच येत असतो. आपली बाहेर-आत-बाहेर ही रेघ आपल्या डाव्या बाजूच्या अर्ध्या रस्त्यातच मावली पाहिजे. जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग. वर दिलेला २८ मीटरचा हिशेब पुन्हा एकदा पाहा, आणि घाटातल्या आंधळ्या वळणावर पुढे किती मीटर दिसतं ते आठवा.

शिवाय आपल्या रस्त्यांचा स्वभावच निराळा. पहिल्या पावसात डांबरावर साचलेलं तेल वर येतं आणि रस्ता साबणासारखा होतो. श्रावणात झाडाखालच्या सावलीत शेवाळ धरतं. मे-जूनमध्ये जांभळांचा सडा पडतो, तो चिरडून चिकट थर होतो. डोंगरकडची तांबडी माती ओघळून वळणाच्या आतल्या कडेला बसते. गुरं तर बारमाही. अशा वेळी टायर थोडे रुंद, हवा थोडी कमी आणि वेग निम्म्याहून खाली, हाच शहाणपणा. पांढरा पट्टा ओला असेल तर त्यावर कलू नये.

आणि एवढं करूनही पडण्याची वेळ आली तर? तर उंच चाकाच्या स्वारांचा विचार आठवावा. पडायचंच असेल तर पडणं आपल्या हाती ठेवावं. वळण जमणार नाही असं दिसलं की सायकल सरळ करायची, दोन्ही ब्रेक पूर्ण दाबायचे आणि दरीची बाजू सोडून गवत, माती, चर, जे मऊ मिळेल तिकडे न्यायची. डोंगराकडचं गटारसुद्धा दरीपेक्षा बरं. घसरलोच तर हात पुढे टेकवून सावरायला जाऊ नये, तसं केलं की मनगट किंवा कॉलरबोन मोडतं. हँडल धरून ठेवावं, हनुवटी छातीला लावावी, खांद्यावर आणि पाठीवर घरंगळावं. उठल्यावर लगेच सायकलकडे धावू नये. आधी रस्त्यातून बाजूला व्हावं, मागून येणाऱ्याला हात करावा. डोकं आपटलं असेल तर ते हेल्मेट पुन्हा वापरू नये, वरून शाबूत दिसलं तरी.

'जो जीता वही सिकंदर' हा १९९२ चा चित्रपट आमच्या पिढीने किती वेळा पाहिला असेल! त्यातली शेवटची शर्यत सगळ्यांना आठवते. पण त्यातला थोरला भाऊ, जो खरा सायकलपटू, तो शर्यतीआधीच डोंगररस्त्यावरून दरीत ढकलला जातो आणि शर्यतीला मुकतो, हे मागाहून आठवतं. आपल्या घाटांतून दर रविवारी अशी कितीतरी घरांतली थोरली-धाकटी पोरं उतरत असतात. चढणीत हरलेला माणूस फार तर उशिरा घरी येतो. उतरणीचा हिशेब तसा नसतो.

आल्तिनोचे रस्ते रविवारी सकाळी रिकामे असतात. तिथे खडूने एक खूण करावी आणि एखाद्या जाणत्याने पोरांना दहा खेपा घालायला लावाव्यात. चोर्ला कुठे पळून जात नाही. तो पुढच्या महिन्यात उतरला तरी चालेल.